हद्दीपर्यंतचं तिकीट

माझ्या मुलीचं लग्न स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यापायी अडलं होतं, असं मी सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. बाई निवृत्त झाल्यापासून काहीही बोलायला लागल्यात, असं त्यांना वाटत असणार. पण झालं होतं तसंच. स्कॉटलंडचं काय व्हायचं ते होईल, आमच्या लोणखेड्याच्या ओट्यावर मात्र त्या प्रश्नानं काही महिने ठाण मांडलं होतं.

मुलगी एडिंबरोला शिकायला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. मग एका दिवाळीत फोनवर म्हणाली, तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचंय. मला धक्काबिक्का काही बसला नाही. फोनवर एकाच मुलाचं नाव इतक्या वेळा यायला लागलं की आईला काय कळायचं ते कळतंच. माझ्या यजमानांचा स्वभाव असा की आधी घाबरायचं आणि मग हो म्हणायचं. ते दोन दिवस घाबरले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. प्रश्न उरला आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे सासरे. मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, आप्पा हो म्हणाले तरच. त्यांच्या मनाविरुद्ध मी करणार नाही. मग मी अशीच राहीन." ती आप्पांच्या मांडीवर बसून अंक शिकली, त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेली. तिला आप्पांचा धाक कधीच नव्हता, पण जीव होता. आणि ती बोलली तसं वागणारी आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आम्हाला वाटलं होतं आप्पा जात काढतील, धर्म काढतील, मांसमच्छी काढतील. मी सगळ्यांची उत्तरं तयार करून ठेवली होती. व्हिडिओ कॉलवर आप्पांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. गावातल्या कुठल्याही स्थळाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, घरात कोण कोण आहे, भाऊबंदकी कशी आहे. मुलगी उत्साहात सांगत सुटली. आईवडील लांब असतात, आजीनंच वाढवलंय. तो सुट्टीच्या दिवशी दारोदार फिरतो, स्कॉटलंड ब्रिटनपासून वेगळा व्हावा म्हणून लोकांना समजावतो. आणि आजीला तर ते अजिबात पसंत नाही, दर रविवारी जेवताना दोघांची जुंपते! तिला वाटलं आप्पा हसतील.

आप्पांनी चष्मा काढला आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "म्हंजे त्यासनी वाटनी व्हयेल नही अजून?"

"नाही ना आप्पा. एकदा मतदान झालं होतं, लोक नको म्हणाले. पण तरुण पोरांना ते पटलेलं नाही."

"मंग नही," आप्पा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे ज्या घरात वाटणीचा वाद चालू असेल त्या घरात मुलगी देत नाहीत. जमीन, पैसा, शिक्षण सगळं नंतर. आधी मध्यस्थ गुपचूप काढून आणतो की भाऊ एकत्र आहेत की न्यारे झालेत. एकत्र असले तर चांगलं, न्यारे झालेले असले तरी चालतं. पण भांडण अर्धवट असलं तर कुणी पाऊल टाकत नाही. नवी सून जाते आणि दोन चुलींच्या मधे सापडते, तिनं कुणाच्या बाजूनं बोलायचं? आप्पांनी हा नियम उचलून एका देशाला लावला. मी म्हटलं, "आप्पा, ते घर नाही, देश आहे." तर म्हणाले, "देश बी घरच ऱ्हास, बाई. मोठं ऱ्हास एवढंच." मी आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवला, पण हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता.

आप्पांच्या या हट्टाला मूळ होतं. ते मिसरूड फुटण्याच्या वयात असताना गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले, आणि आमच्या भागातली काही गावं पलीकडे गेली. त्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, नंदुरबारच्या पुढे निझरच्या अंगाला दिलेली. एका गावात दिलेली बहीण बघता बघता दुसऱ्या राज्यात गेली. तिची मुलं गुजरातीत शिकली. तिच्या घरच्या लग्नपत्रिका गुजरातीत यायला लागल्या, आणि आप्पा त्या अक्षरांकडे असे बघायचे की जणू पत्रिका चुकून दुसऱ्याच्या घरची आली.

पुढे कितीतरी वर्षांनी नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, तेव्हा मी सून म्हणून या घरात रुळलेली होते. आप्पांची तोवरची सगळी नोकरी धुळ्याच्या कचेरीत गेलेली. आमच्या शाळेत त्या दिवशी पेढे वाटले, मी फळ्यावर रंगीत खडूनं नवा नकाशा काढला आणि हौसेनं एक पेढा आप्पांसाठी घरी आणला. त्यांनी तो खाल्ला नाही. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, एका दाखल्यासाठी कडेवर पोर घेऊन धुळ्याला जायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. धडगावच्या डोंगरातल्या बाईला तर जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक. आप्पा म्हणाले, "तुले जवळ पडनं, मले तुटनं." दोघंही मागे हटलो नाही. शेवटपर्यंत आप्पा "जिल्ह्याले जाई येस" म्हणून निघाले की आम्ही समजायचो, स्वारी धुळ्याला चालली. माझी मुलगी आम्हा दोघांना हसायची. तिला धुळं काय नि नंदुरबार काय, दोन्ही सारखीच लांब.

आता घर शांत आहे. आप्पांची ओट्यावरची बाज मी अजून तिथंच ठेवलीये, तिच्यावर वाळवण घालायलाही मन होत नाही. या वयात मला मोठे सण फारसे आठवत नाहीत, आठवतात ते त्या हिवाळ्यातले थोडे दिवस. पपईच्या बागेत तोडणी चालू होती, घरात पाहुणे होते आणि सगळे सगळ्यांवर चिडलेले होते. फार छान दिवस होते ते.

झालं असं की आप्पांचा नकार मुलानं आपल्या आजीला सांगितला. म्हणाला, तुझ्या-माझ्या भांडणापायी माझं लग्न मोडतंय. आजी म्हणाली, मग मी स्वतःच जाऊन त्या गृहस्थांशी बोलते. आणि ती खरंच आली. मुलगी, तो मुलगा आणि आजी, तिघं नंदुरबार स्टेशनला उतरले. आजी आप्पांपेक्षा थोडी लहान असेल. केस बारीक कापलेले, पायात जाड लोकरी मोजे, आणि स्वतःची बॅग कुणाच्या हातात द्यायला तयार नाही. तिच्याकडे बघून मला वाटलं, ही बाई आमच्या गावात सहज सरपंच झाली असती.

पण आल्या आल्याच एक घोटाळा समजला. आजीकडे पैसे होते आणि नव्हतेही. तिनं आयुष्यात क्रेडिट कार्ड घेतलं नव्हतं. तिचं म्हणणं, ज्याचे पैसे अजून आपल्याकडे नाहीत ते खर्चायचे म्हणजे कर्ज, आणि कर्ज काढून फिरायला जाणं हे काही बऱ्या माणसाचं लक्षण नाही. तिनं आपल्या बँकेतून पौंडाच्या नोटा काढून पाकिटात नीट भरून आणल्या होत्या. त्या निघाल्या स्कॉटलंडच्या. तिकडच्या बँका आपापल्या नोटा छापतात, असं मलाही तेव्हाच कळलं. मुंबईच्या विमानतळावर नोटा बदलून देणाऱ्यानं त्या उलटसुलट करून परत दिल्या. म्हणाला, आम्ही पौंड घेतो, हे आमच्या चित्रातले पौंड नाहीत. इकडे शहाद्यातही कुणी हात लावेना. मुलाकडे कार्ड होतं, पण त्याच्याकडून घ्यायला आजी तयार नव्हती, कारण त्याला तेवढंच पाहिजे होतं. तो विमानतळापासून एकच सांगत होता, "बघ आजी, तुझं ब्रिटन तुझी नोटसुद्धा ओळखत नाही."

ओट्यावर बसून आप्पांनी ती नोट हातात घेतली, उन्हात धरली. मी दुभाषी.

"खरी शे?"

"खरी आहे म्हणतात."

"मंग घेतस का नही?"

आजीनं त्यांच्या हातातून नोट काढून घेतली. लाल झाली नुसती. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "इंग्रज बाई उनी का?" यातला पहिला शब्द आजीला न सांगता समजला. ती ताडकन म्हणाली, "मी इंग्रज नाही!" मुलगा हसत सुटला. ज्यांच्यासोबत राहायला एवढी भांडतेस त्यांचं नाव लावलं तर चालत नाही होय? मी हे आप्पांना सांगितलं. मला वाटलं आप्पाही हसतील. पण त्यांनी आजीची बाजू घेतली. म्हणाले, "बराबर शे तिन्हं. आम्हले कोनी पुनावाला म्हनं ते आम्हले बी राग येस. म्हनीसन का आम्ही राज्य सोडीन जावो?" पुणेवाला म्हटलं की राग येतो, पण म्हणून राज्य सोडून जातो का आम्ही, असं मी भाषांतर केलं आणि आजीनं पहिल्यांदा आप्पांकडे नीट पाहिलं.

तेव्हापासून त्या दोघांचं मेतकूट जमलं. पैसे नाहीत म्हणून आजी ओशाळलेली होती. साधा साबण घ्यायचा तरी कुणाला सांगायचं? आप्पांना तिची अडचणच कळेना. "पाहुनाले पैसा कशाले लागस?" असं ते मला वारंवार विचारायचे. स्वतः आप्पा कधी बँकेचं कार्ड घेऊन फिरले नाहीत. यजमानांनी त्यांच्या फोनवर पैसे देण्याची सोय करून दिली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी, रुमाल, बससाठी आधार कार्ड आणि जुजबी सुटे पैसे; बाकी सगळा प्रवास ओळखीवर. मोलगीपासून शिरपूरपर्यंत कुठल्या गावात कुणाच्या ओट्यावर पाणी प्यायचं आणि कुणाकडे मुक्काम टाकायचा, ते त्यांना पाठ होतं. आजीचं आणि त्यांचं एकमत होतं की उधारीवर फिरणाऱ्यांना फिरण्यातलं काही कळत नाही. तरुण मंडळी एकीकडे आणि हे दोघं एकीकडे, अशा दोन फळ्या पडल्या. मी नेहमीप्रमाणे मधे.

पण लग्नाचा विषय निघाला की आप्पा पपईकडे बघायचे. दोन-तीन दिवस तसेच गेले. मुलीचं जेवण कमी झालं, ते मला दिसत होतं. शेवटी आजीनंच सरळ विचारलं, "तुम्हाला आमच्या भांडणाची एवढी भीती का?" आप्पा म्हणाले, "इले सांग, सकाय मन्हासंगे चाल. लकीर मारी ते काय व्हस, ते दखाडस." उद्या माझ्यासोबत चल, रेघ मारली की काय होतं ते दाखवतो.

ते आत्याबाईंकडे निघाले होते.

आमची तिघांची ती फेरी मी कधी विसरणार नाही. मुलगी, तो मुलगा आणि यजमान घरी राहिले. शहाद्याहून एसटी. कंडक्टर आला तसं आप्पांनी खिशातून आधार कार्ड काढलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आजीनंही ताबडतोब पाकिटातून एक कार्ड काढून पुढे केलं. म्हाताऱ्या माणसांना तिकडेही बस फुकट असते म्हणे, त्याचा तो पास. कंडक्टरनं त्या पासावरचा फोटो आणि समोरची आजी असं दोन वेळा पाहिलं. मी सांगितलं, हा पास फक्त स्कॉटलंडात चालतो. तो म्हणाला, "मंग आठे बाईमानूस म्हनीसन अर्धं तिकीट काढस," आणि हसत काढलंही. ते मी भरलं, आजीनं खिडकीबाहेर बघत भरू दिलं. प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडताना आप्पांनी हात जोडले, तर तिनंही जोडले. नंदुरबारच्या अलीकडे रानात वाळत घातलेल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या होत्या; आजी शिंकून शिंकून बेजार झाली, पण खिडकी लावू देईना.

नंदुरबारला दुसरी बस धरली, ती गुजरातेत जाणारी. इथं आप्पांचा जुना रिवाज सुरू झाला. तो आजीला माहीत नव्हता. फुकटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, पुढे पूर्ण तिकीट लागतं. हा कंडक्टर ओळखीचा होता. म्हणाला, "आप्पा, हद्दलोंग फुकट शे, पुढे जानं व्हई ते तिकीट काढनं पडी." आप्पा म्हणाले, "हद्दवरच उतरनं शे." सवलत नव्हती त्या काळातही ते तेवढंच तिकीट काढायचे. स्वतःच्या बहिणीकडे जायला दुसऱ्या राज्याचं तिकीट काढणं त्यांना मान्य नव्हतं. पैशाचा प्रश्न नव्हताच. राग होता, आणि तो त्यांनी मिसरूड फुटल्यापासून जपून ठेवला होता. हद्दीच्या अलीकडे निंबाच्या झाडाखाली शेवटचा थांबा. तिथं ते उतरायचे आणि उरलेली वाट चालत जायचे, मग ऊन असो की पाऊस.

आम्ही तिघं उतरलो. बस आमच्या डोळ्यांदेखत आत्याबाईंच्या गावाकडे निघून गेली.

"सीमा कुठे आहे?" आजीनं विचारलं. आप्पांनी काठीनं रस्ता दाखवला. एका जागी डांबराचा रंग बदलत होता, आणि थोडं पुढे पाटीवरची अक्षरं. बाकी दोन्हीकडे कापूस, दोन्हीकडे तीच काळी माती. एक बाई अलीकडे वेचत होती आणि एक पलीकडे, दोघी ओरडून एकमेकींशी बोलत होत्या. आजी म्हणाली, आमच्याकडेही रस्त्याच्या कडेला एक मोठी पाटी आहे, पोरं तिथं फोटो काढतात. तिची बहीण त्या पाटीच्या पलीकडे इंग्लंडात राहते. देश वेगळा झाला तर मला माझ्याच बहिणीकडे जायला पासपोर्ट दाखवावा लागेल, हे सांगताना तिचा आवाज बदलला. मी आप्पांना सांगितलं. आप्पा चालता चालता थांबले. "हाईच ते," म्हणाले, "हाईच मी सांगी ऱ्हायनू ना."

आत्याबाईंच्या घरी नातसुनेनं गुजरातीत बोलत चहा दिला. आत्याबाई खाटेवर बसलेल्या, अंगानं अगदी वाळून गेलेल्या, पण आवाज खणखणीत. आप्पांनी बसल्या बसल्या पुरावा मांडायला सुरुवात केली. मला सांगितलं, "इले सांग, हाई मन्ही बहीन. हिन्हा नातू मन्हासंगे मन्ही बोलीमा बोलत नही. सरकारनी लकीर मारी नि मन्ही बहीन तोडी टाकी."

मी भाषांतर करायच्या आतच आत्याबाई कडाडल्या.

"काय तुटनं रे तुन्हं? मी ते आठेच शे! बस मन्हा दारवरथीन जास. तूच त्या निमजोगे उतरस, उनतानमा पायी येस, नि मन्हा दारमा बशीसन सांगस, बहीन तुटनी. कोन्ही तोडी?"

आप्पांनी कप खाली ठेवला.

"पोऱ्या गुजरातीमा शिकनात, पोटले लागनात. मन्हं काय बिघडनं? राग तुन्हा शे. दारलोंग बशीन ये ना, बाबा. तुन्हा पाय दुखतस, मन्हा जीव दुखस."

बस दारावरून जाते, चालायचा हट्ट तुझाच आहे, असं एवढ्या वर्षांत त्यांना कुणी बोललं नव्हतं. मी तर नाहीच; मी जिल्ह्याच्या नकाशावरून भांडले, पण या चालण्याबद्दल मला नेहमी मनात कौतुकच वाटायचं. भावाचं प्रेम म्हणायचे मी त्याला. बहिणीला ते कसं दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी आजीला सगळं सांगितलं. तिनं कपातला उरलेला चहा संपवला. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आणि माझ्या बहिणीच्या मधे अजून कुठलीही सीमा नाही. आगगाडी थेट जाते. पण मी कित्येक वर्षांत गेलेली नाही. एकदा बोलाबोली झाली होती. कशावरून ते आता सांगायलाही लाज वाटते." हे तिनं आप्पांकडे बघून सांगितलं. मी ते अहिराणीत सांगितलं तेव्हा आप्पांनी मान खाली घातली, आणि त्या दोन भांडखोर म्हाताऱ्यांची मला इतकी माया आली की मी उगाचच कपबश्या गोळा करायला उठले.

निघताना आत्याबाईंनी रिवाजाप्रमाणे आजीच्या तोंडात साखर घातली आणि हातावर एक नोट ठेवली. घरी पहिल्यांदा आलेल्या बाईला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. नातवाचं कार्ड नाकारणाऱ्या आजीनं ती मुकाट्यानं घेतली. मग पाकीट उघडून आपली एक नोट आत्याबाईंच्या हातावर ठेवली. आप्पा म्हणाले, "आक्का, ती कोठेच चालत नही." आत्याबाईंनी नोट कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत खोचली. "मले कोठे चालाडनी शे?" म्हणाल्या.

परतीची बस दारातूनच होती. आप्पा चढले. कंडक्टरनं विचारलं तेव्हा त्यांनी खिशातून सुटे पैसे काढले आणि हद्दीपर्यंतच्या गुजरातेतल्या वाटेचं तिकीट आयुष्यात पहिल्यांदा काढलं; पुढे सवलत होतीच. तिकीट मुठीत धरून बसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं माझ्या मुलीचा फोन मागून घेतला आणि अंगणात बसून बहिणीला लावला. आधी दोघी भांडल्यासारखं वाटलं, मग रडल्यासारखं, मग खूप वेळ हसल्या. तो मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदाच वाटलं, पोरगा बरा आहे.

चार वाजता सगळे ओट्यावर चहाला जमले. आप्पांनी मुलाला समोर बसवलं आणि मला म्हणाले, "बाई, सांग तेले. आते मी सोयरा. सोयराले बोलाना हक शे. मन्हं मत, येगळं निंघू नका."

मी तेवढ्या नेटानं सांगितलं. मुलगा जरा विचार करून म्हणाला, "आजोबा, तुमचं मी ऐकलं. पण पुन्हा मतदान झालं तर मी माझ्या मनाप्रमाणेच मत देईन." आजीनं कपाळावर हात मारला. यजमानांचा कप हातातच राहिला. मी म्हटलं, झालं, आता बुडालं सगळं. पण आप्पा खूश झाले. "तोंडवर बोलस," म्हणाले, "खोटं बोलीसन पोर नेनारा नही हाऊ."

सोयरा म्हणाले आप्पा, म्हणजे होकारच दिला, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. मुलीच्या ध्यानात ते माझ्या आधीच आलं होतं. ती केव्हाच उठून त्यांच्या बाजेजवळ खाली बसली होती. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"वाटनीनं मी उगाच काढं, पोरी. तू दूर जाई ऱ्हायनी म्हनीसन मन्हा जीव तुटस. दुसरं काहीच नही. जाय. कितलं बी दूर जाय. पन येशी तव्हय दारलोंग ये. मन्हावर राग उना तरी ये. मन्हासारखी हद्दवर उतरू नको."

तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडायला लागली. तो मुलगा गोंधळला. वाकून मला हळूच विचारलं, आजोबा काय म्हणाले? इतके दिवस दोन्हीकडचं सगळं मी सांगत आले होते. आता सांगायला तोंड उघडलं, तर मला इंग्रजीतला एकही शब्द आठवेना.